घोड्यासह रानाकाठचा पहिला मुक्काम

साताऱ्यात घोड्यावर बसायला मिळणं अवघड नाही. पाचगणीच्या टेबललँडवर, महाबळेश्वरात वेण्णा तलावाकाठी पाहिजे तेव्हा घोडा मिळतो. पण घोडा घेऊन रानाच्या कडेला रात्र काढायची म्हटलं की सगळंच बदलतं. रपेट दोन-तीन तासांची असते, हिवाळ्यातली रात्र बारा तासांची. ते बारा तास घोडा एका दोरीला बांधलेला, अंधारात, अनोळखी वासांमध्ये उभा असतो. मुक्काम बिघडतो तो बहुतेक वेळा रात्री, आणि कारण शोधायला गेलं तर ते दिवसा राहून गेलेल्या एखाद्या किरकोळ कामात सापडतं.

म्हणून पहिला मुक्काम लहान ठेवा. एक रात्र, खासगी जमीन, टेंपो थेट तळापर्यंत पोचेल असा रस्ता, दोन घोडे आणि निदान तीन माणसं, त्यातला एक घोड्याला रोज सांभाळणारा. एकटा घोडा नेऊ नये. कळपाचं जनावर आहे ते, सोबत नसली तर रात्रभर खिंकाळतं, दोरी ओढतं आणि चाऱ्याला तोंड लावत नाही.

जागा आधी, तारीख नंतर

अमेरिकेत जंगलातल्या काही सरकारी तळांवर घोड्यांसाठी कठडे, बांधायच्या जागा, पाण्याचे हौद केलेले असतात. आपल्याकडे ही सोय गृहीत धरू नका. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. त्याचं क्षेत्र सुमारे ११६५ चौरस किलोमीटर, सातारा आणि सांगलीसह चार जिल्ह्यांत पसरलेलं. त्याच्या गाभ्यात घोडा नेऊन तंबू ठोकायचा विचार डोक्यातून काढून टाका. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ प्रमाणे राष्ट्रीय उद्यानात पाळीव जनावर चारता येत नाही, नेताही येत नाही. परवानगी असलेल्या माणसाचं वाहन म्हणून वापरलं जाणारं जनावर, एवढाच अपवाद. अभयारण्यात लसीकरण न झालेलं जनावर नेणं याच कायद्याच्या कलम ३३-अ खाली मना आहे, आणि अभयारण्याभोवतीच्या पाच किलोमीटरमधल्या पाळीव जनावरांच्या लसीकरणाची तरतूदही तिथेच आहे. तळ हद्दीबाहेर असला तरी घोड्याचा लसीचा कागद खिशात हवा तो यासाठी.

कास पठार २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत गेलं. तिथे जांभ्यावर बोट-दोन बोटं माती, त्या मातीत फुलांचं बी. घोड्याच्या खुराने ती माती उखडली की लवकर भरून येत नाही. कास रस्त्यावरून बघावं आणि पुढे जावं.

मग उरतं काय? रानाला लागून असलेला खासगी माळ. बामणोली-तापोळ्याकडे शिवसागराच्या, म्हणजे कोयनेच्या जलाशयाच्या, वरच्या अंगाला, वाईच्या पश्चिमेला धोम धरणाच्या बाजूला, मेढ्याकडे कण्हेर धरणाच्या वर अशा जमिनी मिळतात. सांगलीकरांना शिराळ्याच्या पश्चिमेकडे जाता येईल. जिल्ह्याच्या पूर्वेला माळ भरपूर, पण तिथे पाणी सोबत न्यावं लागेल हे आधीच धरून चाला.

जागा ठरवताना ही कामं याच क्रमाने करा.

१. जमीनमालकाकडून सातबारा बघा. डोंगरउताराला खासगी जमीन कुठे संपते आणि राखीव वन कुठे सुरू होतं हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. हद्दीचा दगड मालकालाच दाखवायला सांगा.

२. त्या भागाच्या वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याला साध्या कागदावर अर्ज द्या. तारखा, माणसं किती, घोडे किती, गाडीचा नंबर, मुक्कामाचा गट नंबर, कुठल्या वाटेने रपेट करणार, सगळं लिहा. पोच घ्या. रपेटीची वाट वनातून जाणार असेल तर लेखी परवानगी हातात आल्याशिवाय निघू नका; वनरक्षक तोंडी ‘जा’ म्हणाला हे दुसऱ्या दिवशी दुसऱ्या वनरक्षकापुढे चालत नाही.

३. गावच्या पोलीस पाटलांना कळवा. घोडा रात्री सुटला तर सगळ्यात आधी त्यांचाच फोन कामाला येतो.

४. आसपासच्या शेतकऱ्यांना एक प्रश्न विचारा : रात्री कुंपणात करंट सोडता का? रानडुक्कर आणि गव्यांसाठी शेताभोवती झटका मशीनची तार असते. दिवसा ती बंद असते म्हणून दिसूनही लक्षात येत नाही. सुटलेला घोडा तिच्यात गेला तर झटक्याने बिथरून तार गुंडाळूनच पळतो. डुकरासाठी लावलेले तारेचे फासे ही त्याहून वाईट गोष्ट. तळाभोवती १०० मीटरचा फेरा उजेडात स्वतः मारा.

५. देवराईत घोडा बांधू नका, तिच्या कडेलाही नको. गावाने राखलेलं रान आहे ते, आणि एका चुकीने पुढच्या सगळ्यांना त्या गावाचं दार बंद होतं.

तारखेचं म्हणाल तर ऑक्टोबरची अखेर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात पश्चिमेकडे पाऊस, जळवा आणि चिखल. तेव्हा हा विषयच नको. डिसेंबर-जानेवारीत वेण्णा तलावाच्या परिसरात दव गोठण्याइतकी थंडी पडते, तिथे झूल लागेल. फेब्रुवारीनंतर वणव्याचे दिवस सुरू होतात.

तुमचं वजन घोड्याला पेलतं का

स्वार, खोगीर आणि पिशव्या मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त ओझं नको. डोंगरात तर त्याहून थोडं कमीच. काटा नसला तरी टेपने वजन काढता येतं. पुढच्या पायांमागे, जिथे तंग (खोगीर आवळायचा पोटाखालचा पट्टा) बसतो तिथून छातीचा घेर सेंटीमीटरमध्ये मोजा. खांद्याच्या टोकापासून कुल्ल्याच्या टोकापर्यंत लांबी मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०. घेर १६० आणि लांबी १४५ आली तर वजन सुमारे ३१२ किलो. त्याचा पाचवा हिस्सा ६२. खोगीर आठ किलोचं धरलं तर स्वार ५४ किलोचा! आपल्या भागातले बरेच टट्टू याच मापाचे असतात, त्यामुळे ऐंशी किलोच्या माणसाने एक तर मोठा घोडा शोधावा, नाही तर लगाम धरून पायी चालावं. पायी चालण्यात कमीपणा काही नाही.

भीमथडी टट्टू हाताशी असेल तर उत्तम. भीमेच्या खोऱ्यातली ही काटक जात, खडकाळ वाटेवर पाय जपून टाकते. टेबललँडवरचा घोडा भाड्याने घेणार असाल तर त्याच्याबद्दल वेगळी काळजी घ्या. तो गर्दीला, भोंग्यांना, पोरांच्या किंकाळ्यांना सरावलेला असतो, पण शांततेला नसतो. झुडपात काही सळसळलं की तोच घोडा जागच्या जागी उडी मारतो.

निघण्याआधी दहा-बारा दिवस पशुवैद्यकाकडून तपासून घ्या. धनुर्वाताची लस वर्षभरातली हवी, रेबीजचीही. ग्लँडर्ससाठी रक्ताची तपासणी करून घ्या. हा रोग घोड्याकडून माणसाला होतो आणि सापडला तर कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. गाडीतून नेण्यासाठी घोडा प्रवासाला योग्य असल्याचा दाखला लागतो, तोही तेव्हाच घ्या. नाल पाच-सहा आठवड्यांनी बदलायची असते. मुक्कामाच्या आदल्या दिवशी नाल ठोकू नका, आठवडाभर आधी ठोका. एखादा खिळा नाजूक भागाजवळ गेला असेल तर लंगडणं घरीच दिसून येईल.

घरच्या अंगणात तीन रात्री

नवशिके हा भाग वगळतात, आणि इथेच घोडं पेंड खातं. ज्या घोड्याने तबेल्याबाहेर रात्र काढलेली नाही त्याला थेट रानात नेऊन बांधायचं म्हणजे त्याची परीक्षा घ्यायची आणि नापास आपण व्हायचं.

आधी तबेल्याच्या बाहेर, मुक्कामात बांधणार तशाच दोरीवर तीन रात्री काढू द्या. पहिल्या रात्री जागं राहून बघा : दोरीत पाय अडकला तर तो थांबतो की झगडतो? झगडणाऱ्या घोड्याला दिवसा, हातात दोरी धरून, पायाला दोरी लागली की थांबायचं हे शिकवावं लागेल. त्याच दिवसांत तंबू उभा करून दाखवा, ताडपत्री फडफडवा, डोक्यावरचा टॉर्च लावून त्याच्याजवळ जा. तोबऱ्यातून, म्हणजे तोंडाला अडकवायच्या पिशवीतून, खुराक (दाणा) खायची सवय नसेल तर ती लावा. गाडीत रोज चढवा, पाच मिनिटं उभं करा, उतरवा. चौथ्या दिवसापर्यंत तो आपणहून चढला पाहिजे.

पाण्याचंही असंच. अनोळखी पाणी बरेच घोडे नाकारतात. आठवडाभर आधीपासून बादलीत लिंबाएवढा गूळ विरघळवून पाजा आणि तोच गूळ तळावरच्या पाण्यातही टाका. चव ओळखीची लागते.

चारा, खुराक, पाणी

३२० किलोच्या घोड्याला दिवसाला एकूण साडेसहा किलोच्या आसपास कोरडं खाणं लागतं. त्यातला निदान पाच किलो वाळका चारा, उरलेला खुराक, आणि तो दोन-तीन वेळा विभागून. एका रात्रीच्या मुक्कामाला दोन दिवसांचं आणि वर एका दिवसाचं राखीव, म्हणजे १८ किलो चारा आणि ५ किलो खुराक एका घोड्यामागे न्या. मीठ रोज ३० ग्रॅम, म्हणजे दोन सपाट मोठे चमचे. घाम जास्त गाळला तर थोडं वाढवा. पाणी रोज २५ ते ४० लिटर. पहिल्या संध्याकाळपुरतं ४० लिटर घरचंच पाणी नेलं तर उत्तम.

चारा घरी खातो तोच. कडबा खाणाऱ्याला कडबा, वाळलं गवत खाणाऱ्याला गवत. बदल करायचाच असेल तर आठ-दहा दिवस आधीपासून थोडा थोडा. तळाजवळच्या गावात ‘हिरवागार चारा मिळेल की’ म्हणून रिकाम्या हाताने जाणं हा पोटशुळाला दिलेला निमंत्रणाचा कागद आहे. उसाचं वाडं भारंभार नको, त्यातल्या ऑक्झॅलेटमुळे कॅल्शियम बांधलं जातं. कोवळी किंवा पाण्याविना खुरटलेली ज्वारी अजिबात नको. बुरशीचा वास येणारी पेंढी गुराला चालते म्हणतात, घोड्याला चालत नाही. घोड्याला उलटी होत नाही. पोटात गेलेलं वाईट वर येत नाही.

चारा बांधण्याआधी झटकून घ्या. गाजरगवताचं बी चाऱ्यातून रानात जातं. बाहेरच्या काही देशांत जंगलात तणमुक्त प्रमाणित चाराच न्यावा लागतो. आपण निदान पेंढी आपटून घेण्याएवढं करू शकतो.

खुराक झाकण घट्ट बसणाऱ्या पत्र्याच्या डब्यात ठेवा. पोत्यात ठेवला तर दिवसा माकडं आणि रात्री डुकरं येतात. घोड्याचं असंही आहे की रात्री सुटून तो डब्यापर्यंत पोचला तर पाच किलो हरभरा एका बैठकीत संपवेल, आणि तो प्रसंग जिवावर बेततो. झाकणाला कडी लावाच.

बाकी सामानाची खोगीरभरती नको. दोन बादल्या, तोबरा, खरारा, खुरातली घाण काढायचा आकडा, झूल, प्रत्येक घोड्याला एक जादा म्होरकी (तोंडात कडी नसलेला डोक्याचा पट्टा) आणि दावं, धारदार चाकू, नाल काढायला पकड आणि कानस, थर्मामीटर, कापूस, पट्ट्या, पोव्हिडोन आयोडीन, सलाईनची बाटली. वेदनाशामक औषध पशुवैद्यकाने लिहून दिलं असेल तरच. माणसाच्या गोळ्या देऊ नका.

गाडीतून घाट चढताना

उघड्या पिकअपपेक्षा उंच फळ्यांचा टेंपो बरा. तळाला रबरी चटई, तिच्यावर वाळूचा हात आणि भाताचा पेंढा. नुसत्या पत्र्यावर मुतानंतर पाय घसरतो आणि पसारणीच्या किंवा केळघरच्या वळणांवर घोडा एकदा बसला की उठवणं कठीण. दावं छातीच्या उंचीवर, दोन फूट सैल, एका झटक्यात सुटेल अशा गाठीने बांधा. डोकं खाली घेऊन शिंकरता आलं पाहिजे, नाही तर धूळ आणि चाऱ्याची कुसळं श्वासनळीत साचून राहतात.

घाटात ताशी २५ ते ३०. ब्रेक आधीपासून, हळूहळू. दर तीन तासांनी थांबून पाणी. दिवसाउजेडी पोचायचं, आणि नोव्हेंबरपासून ऊसतोडीच्या दिवसांत तर हे पाळायचंच. अंधारात बिनदिव्याच्या ट्रॉल्या आणि त्यांच्यामागे अचानक मारावा लागणारा ब्रेक घोड्याच्या पायांना सोसत नाही.

पोचल्यावर आधी घोडा, मग तंबू

उतरवून अर्धा तास हाताने फिरवा. बहुतेक घोडे गाडीत लघवी रोखून धरतात, ती इथे करतील. मग पाणी. गरम घोड्याला पाणी पाजू नये असं अजून सांगितलं जातं. त्यात तथ्य नाही, थोडं थोडं करत पाजलं तरी चालतं. थांबायचं असतं ते खुराकासाठी, चांगला तासभर.

जलाशयाच्या काठावर थेट पाणी पाजायला नेऊ नका. शिवसागर असो की धोम, पाणी उतरत गेलं की काठावर गाळ उघडा पडतो. वरून तडा गेलेला, वाळलेला दिसतो आणि आत पोकळ असतो. काठी टोचून बघा. वीतभर रुतली तर घोडा पोटापर्यंत रुतेल. बादलीने पाणी आणा.

बांधायची जागा पाण्यापासून ६० मीटर लांब, थोडी उंचावर, वाळक्या फांद्या नसलेल्या झाडांखाली. तंबूपासून १५-२० मीटर, झोपल्या जागेवरून दिसेल अशी. खालची जमीन पायाने चाळा. धरणकाठी आणि पठारांवर फुटक्या बाटल्या सापडतात, एक काच खुरात गेली की महिनाभर घोडा उभा. कण्हेर, घाणेरी, धोतरा, रुई, बेशरम, एरंड यांपैकी काही दोरीच्या पल्ल्यात नाही ना, बघा. कण्हेरीची मूठभर पानंसुद्धा घोड्याला मारायला पुरतात, आणि बंगल्यांच्या कुंपणांना हौसेने लावलेली असते तीच.

आणि मान वर करा. आग्या मोहोळ मोठ्या झाडांवर, कड्यांच्या कपारीत लोंबतं. तिथून जवळ चूल पेटवली, धूर वर गेला की माश्या उतरतात, आणि बांधलेल्या घोड्याला पळता येत नाही. मोहोळ दिसलं तर जागा बदला.

दोरी

दोन जिवंत, मांडीएवढ्या जाड झाडांमध्ये १२ मिलिमीटरची, न ताणणारी दोरी जमिनीपासून सव्वादोन मीटर उंचीवर. झाडाला दोरी थेट बांधू नका. चार बोटं रुंद पट्टा किंवा दुमडलेलं गोणपाट गुंडाळून त्यावर बांधा, नाही तर रात्रभराच्या ओढाताणीने साल सोलून निघते. दोरी अशी ताणा की मध्ये पूर्ण वजनाने लोंबकळलं तरी हातभरापेक्षा खाली येऊ नये.

प्रत्येक घोड्याच्या जागेला या दोरीत न सरकणारी गाठ किंवा कडी घाला, म्हणजे दावं घसरत दुसऱ्याकडे जाणार नाही. झाडापासून निदान अडीच मीटर, दोन घोड्यांमध्ये चार मीटर. लाथा मारणाऱ्यांना आणखी. आता दाव्याची लांबी. घोड्याने मान खाली घातली की नाकपुडी जमिनीपासून वीतभरावर थांबावी. याहून लांब ठेवलं तर पुढचा पाय दाव्यावरून पलीकडे जातो, घोडा घाबरून मागे ओढतो आणि खुराच्या वरच्या भागाची कातडी दोरीने कापली जाते. याहून आखूड ठेवलं तर चारा खाता येत नाही, आडवं होता येत नाही. मुक्कामातली सगळ्यात जास्त दुखणी या एका मापाने होतात, म्हणून पुन्हा मोजा. चारा खाऊन झाला, घोडा वळला, की मोजा.

बांधायचं म्होरकीला. लगामाला बांधून कधीच नाही. झटका बसला की तोंड फाटतं.

झाडं नसतील तर आगाडी-पिछाडी. जुन्या पागेची ही रीत : म्होरकीपासून दोन दोऱ्या पुढे दोन मेखांना, मागच्या पायातल्या मऊ पट्ट्यापासून दोरी मागच्या मेखेला. मेखा दीड-दोन फुटी लोखंडी, घोड्याच्या उलट बाजूला कलत्या ठोकलेल्या. सवय नसलेल्या घोड्याला पिछाडी लावू नका. आणि जांभ्याच्या सड्यावर मेख जातच नाही, चार बोटांवर खडक लागतो. तिथे टेंपोच्या दोन्ही बाजूंना एकेक घोडा बांधा. हातब्रेक ओढलेला आणि चाकाला दगड लावलेला हवा.

रात्र

झोपण्याआधी भरपूर वाळका चारा टाका. रात्रभर काहीतरी चघळत राहणारा घोडा शांत राहतो. दहा, दोन आणि पाच वाजता उठून फेरी. लांबूनच बोलत जा, अंधारात न बोलता मागून जवळ गेलात तर लाथ तुमची. टॉर्च डोळ्यांवर मारू नका. बघायचं एवढंच : दावं मोकळं आहे का, पाणी आहे का, लीद पडली का, अंगाला घाम आहे का. पहिल्या रात्री घोडा बहुधा आडवा होत नाही. ते चालतं.

दोन्ही घोडे एकाच दिशेला कान टवकारून, फुरफुरत उभे राहिले तर तिकडे काहीतरी आहे. गवा असेल, बिबट्या असेल, नाही तर गावचं कुत्रं. उजेड करा, मोठ्याने बोला, घोड्यांजवळ उभे राहा. बघायला त्या दिशेने जाऊ नका. शिंगरू असेल तर मुळात त्याला मुक्कामाला आणूच नये. शेकोटी नको. गॅसची शेगडी भोवतालचं तीन मीटर गवत काढून पेटवा, शेजारी पाण्याची बादली ठेवून. वणवा दिसला तर वनविभागाचा १९२६ हा नंबर आहे.

घोडा सुटलाच तर पाठलाग करू नका. तुम्ही धावलात की तो धावतो. दुसरा घोडा जागेवरच बांधलेला ठेवा, खुराकाचा डबा खडखडवा. सोबतीजवळ परत येणं हाच त्याचा कल असतो, नाही तर आल्या रस्त्याने घराकडे. म्होरकीला फोन नंबरचा बिल्ला शिवलेला असेल तर सकाळपर्यंत कुणीतरी कळवतं.

काय बिघडतं, आणि तेव्हा काय करायचं

पोटशूळ सगळ्यात आधी. घोडा चारा सोडतो, पोटाकडे वळून बघतो, पुढच्या पायाने जमीन उकरतो, लोळायला बघतो, लीद बंद होते. चारा काढून घ्या, नाडी मोजा. जबड्याखालच्या शिरेवर बोट ठेवून मिनिटाला २८ ते ४४ ठोके ठीक. आराम असताना ६० च्या वर गेले तर डॉक्टरला एक मिनिटही उशीर नको. डॉक्टर येईतो हळू चालवा, लोटांगण घालू देऊ नका. बैलाला देतात तसं नाळेने तेल पाजू नका. ते फुप्फुसात उतरतं आणि पोटशुळातून वाचलेला घोडा न्यूमोनियाने जातो. फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा टोल फ्री नंबर १९६२. रेंज नेमकी कुठे येते ते संध्याकाळीच शोधून ठेवा. बामणोलीच्या खोऱ्यात फोन हातात असून उपयोग नसतो अशा जागा पुष्कळ.

ताप मोजायची सवय लावा. ३७.५ ते ३८.५ अंश ठीक. घरी परतल्यावर काही आठवड्यांत मधूनमधून ताप, पायांवर आणि पोटाखाली सूज, घोडा खंगत चाललाय असं दिसलं तर सर्रा, म्हणजे रक्तातल्या परजीवीचा रोग, तपासायला सांगा. तो गोमाश्यांमधून पसरतो. गोचीड मात्र तळावरच काढा. कानात, आयाळीच्या मुळाशी, शेपटीखाली.

नाल निसटली तर रपेट तिथेच संपली. जांभ्यावर आणि खडीवर एका दिवसात उघडं खूर तुटतं. अर्धी लोंबणारी नाल मात्र तशीच ठेवू नका, खिळ्यांची टोकं कानशीने घासून पकडीने काढा. ओल्या खडकावर नाल ठोकलेला घोडा घसरतो, तिथे उतरून पायी चला.

तारेची जखम झाली तर आधी स्वच्छ कापड दाबून रक्त थांबवा, मग सलाईनने धुवा. हळद, राख, ग्रीस यांपैकी काही भरू नका. सांध्याजवळची जखम लहान दिसली तरी डॉक्टरकडेच.

सकाळी

उठल्यावर पाणी आणि चारा, खुराक खोगीर घालण्याच्या तासभर आधी. पाठीवर तळहात फिरवा. एखादी जागा गरम किंवा दुखरी लागली तर आज खोगीर नाही. खोगीराखालचे केस एका दिशेने बसवा, तंग तीन टप्प्यांत आवळा, दहा मिनिटं चालून पुन्हा आवळा. चढाला खोगीर मागे सरकतं म्हणून छातीपट्टा, उताराला पुढे येतं म्हणून दुमची, म्हणजे शेपटीखालून जाणारा पट्टा. पहिल्या दिवशी १०-१२ किलोमीटर पुरे, बहुतेक कदम चालीने. परतल्यावर वीस मिनिटांत नाडी साठ-पासष्टच्या खाली आली नाही तर ती वाट त्या घोड्याला जड गेली. दुसरा दिवस नुसता आरामाचा ठेवणार असाल तर खुराक अर्धा करा. भरपूर खुराक, दिवसभर उभं राहणं आणि मग एकदम काम, यात मागचे स्नायू आखडून घोडा जागच्या जागी अडकतो.

निघताना लीद पोत्यात भरा. एक घोडा दिवसाला पंधरा किलोंच्या पुढे टाकतो, त्यामुळे प्रत्येकी दोन पोती धरा. मालकाला शेतात खतासाठी हवी असेल तर त्याच्याच ढिगावर टाका, विचारून. उरलेला चारा, दोऱ्यांचे तुकडे, झाडाला गुंडाळलेलं गोणपाट काढा. खुरांनी उकरलेले खड्डे पायाने बुजवून वर पाचोळा पसरा. घोडे शेवटी चढवायचे; गाडीत ते उन्हात उभे आणि आपण तंबूची घडी घालतोय, असं नको.